घरच्या माणसाचा भाव

प्रिय बापू,


हे पत्र तुमच्या शोरूमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. तासगावकडून सांगलीच्या विश्रामबागेला यायला फार वेळ लागत नाही, समोर बसूनही बोलता आलं असतं. तसं एकदा बोललोही. तुम्ही चहा मागवलात, भडंगाची बशी पुढे सरकवलीत आणि हसून विषय मिटवलात. तुमचा मिटला, माझा मिटला नाही. म्हणून हे उघड्यावर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, कंपनीचंही नाही. सांगली-मिरज रस्त्यावर ट्रॅक्टरच्या पाट्या काही कमी नाहीत. आणखी कुणा शोरूमवाल्याला हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तरी माझी हरकत नाही.

आपली ओळख १९९४ सालची. भूविकास बँकेचं कर्ज काढून माझ्या वडलांनी तुमच्या अण्णांकडून ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला, तेव्हा मी नुकताच शेतीत पडलो होतो आणि तुम्ही गल्ल्याशेजारी बसून पावत्या फाडत होता. विलिंग्डन कॉलेजवरून मिरजेकडे जाताना तेव्हा आजच्याइतकी दुकानं नव्हती. ट्रॅक्टर घेऊन आम्ही बाहेर पडलो तर अण्णा रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि वडलांना म्हणाले, "पाव्हणं, आता तुमी घरची माणसं." तो ट्रॅक्टर अजून आहे. नांगरटीला चालतो, ट्रॉली ओढतो. गेली तीस वर्षं त्याचं तेल, फिल्टर, क्लचप्लेट सगळं तुमच्याकडूनच गेलं. तासगावात स्वस्त मिळतंय असं पोरं सांगायची, पण मी गाडी विश्रामबागेकडंच वळवायचो.

अडचण एवढीच की तो बागेत शिरत नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचं अंतर असलं तरी काड्या दोन्ही बाजूंनी आत येतात, मोकळी वाट चार-पाच फुटांचीच उरते आणि डोक्यावर मांडवाच्या तारा. मोठा ट्रॅक्टर आत घातला की एक तर घड घासतात नाहीतर सायलेन्सर तारेला लागतो. म्हणून बागेला छोटा ट्रॅक्टर लागतो: अंगानं अरुंद, उंचीला बुटका, वजनानं हलका. पण फार हलका असूनही चालत नाही, कारण मागं फवारणीचा ब्लोअर असतो. सहाशे लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच सहाशे किलो, वर यंत्राचं वजन वेगळं. फळछाटणीनंतर पाऊस लागला की काळ्या रानात चाकं रुततात, आणि नेमकी तेव्हाच फवारणी चुकवता येत नाही. दावण्या रोग आला की तो आपल्या सवडीनं थांबत नाही. २०१९ च्या परतीच्या पावसात भाड्याचा ब्लोअर वेळेवर मिळाला नाही म्हणून माझी अर्धी बाग गेली. एसटीपी पंपाची नळी धरून चिखलात आम्ही दोघं नवरा-बायको रात्री अकरापर्यंत फवारत होतो. त्या रात्रीच ठरवलं होतं की छोटा ट्रॅक्टर स्वतःचा घ्यायचा. घ्यायला सहा वर्षं गेली.

सहा वर्षं पैसे साठवून घ्यायची वस्तू माणूस डोळे मिटून घेत नाही. फवारणीची नोंदवही असते ना आमची, कुठल्या तारखेला कुठलं औषध किती मात्रेत मारलं ती, तिच्या मागच्या पानांवर मी रकाने आखले. युवराज आणि स्वराज ७१७ हे पंधरा अश्वशक्तीच्या आसपासचे. व्हीएसटीचा साडेअठराचा, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून नुसतं 'मित्सुबिशी' म्हणतात. कुबोटाचे निओस्टार एकवीसपासून पुढे, जिवो चोवीसचा, जॉन डियरचा अठ्ठावीसचा, राजकोटचा कॅप्टन. प्रत्येकासमोर रुंदी, वजन, लिफ्टची ताकद आणि फोर-व्हील आहे की नाही. एक रकाना पीटीओचा, कारण इंजिनाची अश्वशक्ती माहितीपत्रकावर ठळक छापलेली असते, पण ब्लोअर चालतो तो मागच्या शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीवर, आणि ती नेहमी कमी भरते. मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी चाचणी केंद्र आहे, तिथल्या अहवालात शाफ्टवर मोजलेली ताकद दिलेली असते. हे मला कुठल्याही शोरूममध्ये कुणी आपणहून सांगितलं नाही. मोशीच्या 'किसान' प्रदर्शनात नाशिककडच्या एका बागायतदारानं सांगितलं, तोही माझ्यासारखाच वही घेऊन फिरत होता.

सगळे रकाने भरले, एक सोडून. किमतीचा.

बापू, ट्रॅक्टरची किंमत काढणं हे सोयरिकीची चौकशी करण्यापेक्षा अवघड काम आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर 'किंमत जाणून घ्या' असं बटण असतं. दाबलं की ते आपलाच फोन नंबर विचारतं. नंबर दिला, किंमत आली नाही, फोन आले. चार दिवस मांडवाखाली शेंडे खुडताना खिसा वाजत होता. कराडच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, तुमचा तालुका आमच्या एरियात येत नाही, सांगलीतच घ्या. मिरजेत एकानं ५,४८,००० सांगितले आणि बंपर, हूक, टॉप लिंक त्यात धरलंय म्हणाला. तासगावातल्यानं ५,३९,००० सांगितले, पण बंपर वेगळा, छत वेगळं, आणि 'हँडलिंग'चे साडेचार हजार वेगळे. हँडलिंग म्हणजे काय विचारल्यावर तो म्हणाला, "ते सगळेच लावतात." एकानं कागदावर लिहून द्यायला नकार दिला. "आधी घ्यायचं नक्की करा, मग लिहून देतो." विमा कुणी एक्स-शोरूममध्ये धरतो, कुणी ऑन-रोडमध्ये. तीन दुकानांच्या तीन किमती एका रकान्यात बसवायच्या तर आधी तिन्हींची भाषा एक करायला लागते. हे मी रात्री बसून करत होतो. बायको म्हणायची, पोरीचं लग्न ठरवताना एवढी वही लिहिली नव्हतीत.

गणेश चतुर्थीच्या दिवशी, २७ ऑगस्टला, मी तुमच्याकडे आलो. तुमचं दुकान चौथं, हे खरं. घरच्या माणसाकडे शेवटी जायचं, आधी बाहेरचा अंदाज घ्यायचा, असा माझा हिशेब होता. वही तुमच्या टेबलावर उघडली. तुम्ही ती हातात घेतलीत, दोन पानं उलटलीत, आणि मिटून माझ्याकडं सरकवलीत. काय म्हणालात ते तुम्हाला आठवतं का? "दादा, घरचा माणूस असून चार दुकानं फिरलासा व्हय? अण्णा असते तर काय वाटलं असतं त्यांना?"

मला खरंच लाज वाटली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, खिशात माझाच पैसा, आणि परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या पोरासारखा कान तापला. वही पिशवीत घातली. तुम्ही भाव सांगितलात, मूळ किंमत पाच लाख, बारा टक्के कर, म्हणजे ५,६०,०००, वर विमा-नोंदणी. मिरजेपेक्षा बारा हजार जास्त, पण मी त्याबद्दल बोललो नाही. गाडी तुमच्याकडची चांगली, सर्व्हिस माहितीची, आणि लाज अजून उतरली नव्हती. पन्नास हजार देऊन बुकिंग केलं.

पुढं आठवड्यात, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषदेनं ट्रॅक्टरवरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला, २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेपासून. टायर-ट्यूब आणि बऱ्याच सुट्या भागांवरचाही अठराचा पाच झाला. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "नशीबवान हायसा दादा, दसऱ्याला गाडी देतो, नव्या दरानं." केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत ट्रॅक्टर कंपन्यांची बैठक घेऊन करकपात शेतकऱ्यापर्यंत पोचवा असं सांगितल्याची बातमी मी पेपरात वाचली आणि कात्रण काढून त्याच वहीत ठेवलं. वही उघडली ती तेवढ्यापुरतीच.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, तुम्ही मला फेटा बांधलात. गाडीला हार, नारळ, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, फोटो. बायकोनं चाकाला हळद-कुंकू लावलं. नातवाला तुम्ही स्टिअरिंगवर बसवलंत. आणि बिल हातात देताना म्हणालात, "बघा, चौदा हजार वाचले तुमचे." ५,६०,००० चे ५,४६,००० झाले होते. मी तिथंच पेढे वाटले.

पाच लाखांवर पाच टक्के म्हणजे ५,२५,००० हा हिशेब चौथीतल्या पोराला येतो. मला त्या दिवशी आला नाही. बिलावर मूळ किंमत ५,२०,००० होती. मी विचारलं होतं, अगदीच विचारलं नव्हतं असं नाही. तुम्ही म्हणालात, कंपनीनं एक तारखेपासून दर वाढवलेत. मी मान हलवली. साडेचार हजार हँडलिंगचे होते, त्यावरही मान हलवली.

फळछाटणी झालेली होती, फवारण्या सुरू झाल्या आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पन्नास तास भरले. पहिल्या सर्व्हिसला गाडी घेऊन आलो. तुमच्या वर्कशॉपात माझ्या गाडीशेजारी तिची जुळी बहीण उभी होती. तेच मॉडेल, तोच रंग, चेसिस नंबरात सात आकड्यांचं अंतर. मालक कवठेमहांकाळकडचे, बागायतदारच. तेल बदलेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. दोन द्राक्षवाले भेटले की पहिल्या पाच मिनिटांत डिपिंग, दावण्या आणि दर एवढं होतंच. त्यांनी पिशवीतून बिल काढलं. ४ ऑक्टोबरचं. मूळ किंमत पाच लाख. कर पाच टक्के. एकूण ५,२५,०००. हँडलिंगच्या ओळीत आडवी रेघ.

दोन दिवस नंतरचं बिल. कंपनीनं एक तारखेला वाढवलेला दर चार तारखेला कुठं गेला, हे विचारायला मी केबिनमध्ये आलो. तेच ते चहा-भडंग. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मी मान्य करतो. सरळ म्हणालात, "त्यांनी तीन कोटेशन आणली होती दादा. घासाघीस केली. तुमी मागितलंच न्हाई. आपल्यात असं कुठं असतंय?"

बापू, साडेपंचवीस हजार रुपये. त्या पैशात काय येतं हे मी इथं मोजून दाखवणार नाही, मोजायला लागलो की रडगाणं होतं. एक गोष्ट मात्र मला तुमच्याकडून समजून घ्यायची आहे. ती तीन कोटेशनं माझ्याकडंही होती. वहीत लिहिलेली होती. ती वही तुम्ही तुमच्या हातानं मिटलीत. मग जे मिटवायला लावलं ते मागितलं नाही, असं कसं म्हणता?

त्यानंतर बरेच दिवस मी स्वतःलाच शिव्या दिल्या. माझे वडील खरसुंडीच्या यात्रेत खिलारी खोंड घ्यायला जायचे. तिथला सौदा उपरण्याखाली व्हायचा. हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यानं, बोटं दाबायची, आपण दाबायची, तिसऱ्याला आकडा कळायचा नाही. तरी वडील एक नियम पाळायचे. पहिल्या दावणीला मन बसलं तरी तिथं थांबायचं नाही. दुपारपर्यंत सगळ्या दावणी हिंडायचं, दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, आणि परत त्याच हेड्याकडं यायचं. हेडीही वाट बघत असायचा. फिरून आलेल्या गिऱ्हाइकाला तो मान द्यायचा. "हिंडून आलासा? मग बोला आता." मला वाटतं, त्या धंद्याला जगात कुणी सभ्य म्हणत नाही. पण तिथं हिंडणाऱ्याला कुणी बेइमान ठरवत नव्हतं.

आणि आमचा माल? बेदाणा तासगावच्या किंवा सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला लागतो तेव्हा चाळीस जणांसमोर खोकं फुटतं, मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन व्यापारी मोठ्यानं बोली बोलतात. माझा दर माझ्या शेजाऱ्याला माझ्याआधी कळतो. सांगलीची हळदही तशीच उघड्यावर विकली जाते. आम्हाला जे मिळतं ते सगळ्या गावाला ठाऊक, आणि आम्ही जे देतो ते केबिनचं दार लावून. मी हे आयुष्यभर असंच चालतं म्हणून धरून चाललो होतो. बाकावरच्या त्या माणसानं बिल काढलं नसतं तर अजूनही धरून चाललो असतो.

याच जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. मग माणसांना पटवावं लागलं, दाखवावं लागलं. १९२० मध्ये तर 'किर्लोस्कर खबर' नावाचं छापील पत्रकच निघालं, आपल्या कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचावी म्हणून. पुढं त्याचं केवढं मोठं मासिक झालं. शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यात माझ्या हातात फोन आहे, त्यात सगळं जग आहे, आणि ट्रॅक्टरच्या किमतीच्या जागी एक बटण आहे.

आता तुमच्या बाजूचं. गाडी उत्तम आहे. ब्लोअर भरून चढावर चढते, ओल्या रानात पुढची चाकं ओढून काढतात. तुमचा मेकॅनिक रात्री नऊला फोन उचलतो, एकदा हायड्रॉलिकचा पाइप गळला तर मोटारसायकलवर येऊन बदलून गेला, पैसे घेतले नाहीत. अनुदानाचा दोषही मी तुम्हाला देत नाही. महाडीबीटीवर अर्ज होता, पूर्वसंमती यायची होती, ती येण्याआधी खरेदी केली तर पैसे मिळत नाहीत हे मला माहीत होतं. ऑक्टोबरची फवारणी थांबत नव्हती, मी थांबलो नाही. ते माझं नुकसान, माझ्या हातचं.

ग्राहक आयोगात जा असं पोरगं म्हणतंय. मी जाणार नाही. तिथं मी काय सांगू? बिलावर सही माझी आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव देणं हा गुन्हा आहे की नाही हे वकिलांनी बघावं. मला वकिलाकडून हवंय असं त्यात काही नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, कारण लिहिली की केलेल्याचं मोल जातं. पण मनात आहे तर लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, सांगलीत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या आणि आम्ही त्या अण्णांनी विकलेल्या ट्रॅक्टरमागं ट्रॉली जोडून विश्रामबागेत आणल्या. तुमच्या घरी पाहुणे भरले होते, तुम्ही स्वतः हात लावून पोती उतरवलीत. त्या दिवशी आम्ही कुणी घरातल्या भाकरीला एक आणि बाहेरच्याला एक असं मोजलं नव्हतं. बास. यापुढं हा विषय मी काढणार नाही.

पैसे परत नकोत. तुम्ही पाठवलेत तरी घेणार नाही, आणि पुढच्या सर्व्हिसमध्ये 'ॲडजस्ट' करू नका. २५० तासांना गाडी घेऊन येईन, जे बिल होईल ते देईन, पार्टची छापील किंमत तेवढी आधी बघेन. चहा नको.

माझ्या मेहुण्याची बाग मिरजेच्या पूर्वेला आहे. त्यालाही छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय, आणि मॉडेल त्याला तुमच्याकडचंच हवंय. आजवर मी दोन सोयरे आणि एक भावकीतला तुमच्याकडं पाठवला, प्रत्येकाला सांगून की माझं नाव सांग. मेहुण्याला मी वही दिली आहे. फवारणीची पानं फाडून ठेवून घेतली, मागची त्याला दिली. मिरज आणि तासगाव करून तो सोमवारी अकरापर्यंत तुमच्याकडं येईल. तो मला ओळखतो असं सांगणार नाही.

कळावे,
तासगाव तालुक्यातला एक द्राक्षबागायतदार